आंब्याचा पातेरा, लाल माती आणि पूलचा रोबो

घरच्या स्विमिंग पूलसाठी ऑटोमॅटिक क्लीनर कुठला घ्यावा, हे मला हल्ली सारखं कुणी ना कुणी विचारतं. आमच्या गुहागरच्या बाजूला, तिकडे दापोली-मुरुड-कर्दे पट्ट्यात, खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत होमस्टेवाल्यांनी अंगणात छोटे छोटे पूल बांधलेत, पाहुणे फोनवर पहिला प्रश्न पूलचाच विचारतात, आणि पूल बांधून झाला की मग लक्षात येतं की तो रोज झाडायचा पण असतो. माझं सरळ म्हणणं आहे, कंपनीचं नाव, ॲप, वायफाय हे सगळं नंतर. आधी पूलच्या काठावर उभं राहून वर बघा, मग खाली बघा. वर कुठलं झाड आहे आणि खाली कुठली माती आहे. कोकणात क्लीनर ठरतो तो ह्या दोन गोष्टींवर.

आमचं घर खाली आगरात, समुद्राच्या अंगाला. माड, पोफळी, मध्ये केळी, जायफळाची थोडी झाडं, आणि जमीन सगळी पुळणीची, म्हणजे वाळूची. आमच्या पूलमध्ये पडतं काय, तर माडाची ती पिवळट बारीक फुलं, गळलेली बोंडं, कधी पोफळीची अख्खी विरी धप्पकन येते, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वाळू, जी पाहुणे किनाऱ्यावरून पायाला लावून आणतात, कितीही पाय धुवायला सांगा. माझ्या ताईचं घर वर सड्यावर, म्हणजे पठारावर. चारी बाजूंनी हापूसची कलमं, खाली कातळ आणि त्यावर लाल माती. तिच्याकडे वाळूचा कण नाही, पण वर्षभर आंब्याचा पातेरा म्हणजे गळलेली वाळकी पानं, जानेवारी-फेब्रुवारीत मोहोराचा कचरा, आणि वारा सुटला की लाल धूळ. दोघींचे पूल जवळजवळ सारखेच, ८ बाय ४ मीटर, सरासरी १.२ मीटर खोली, म्हणजे धरा ३८,००० लिटरच्या आसपास पाणी. माप सारखं असलं तरी कचरा इतका वेगळा की दोघींची गरज एकच कशी असेल?

हाताने व्हॅक्युम मारता येतो की, मग मशीन कशाला, असं भाऊजी म्हणायचे. येतो ना. पण एप्रिल-मेमध्ये जेव्हा पाहुण्यांची रांग लागते तेव्हाच आंब्याचा हंगाम असतो, सगळी माणसं आंबे काढायला, पेट्या भरायला गेलेली असतात, आणि त्या दिवसांत दांडा धरून तासभर तळावर व्हॅक्युम फिरवायला माणूस मिळत नाही म्हणजे नाही. आणि नेमकं त्याच दिवसांत पाणी कोमट असतं, क्लोरीन उन्हात भराभर उडतो, एकदोन दिवस घासणं चुकलं की टाइल्सच्या सांध्यात शेवाळ धरायला लागतं. त्यामुळे मशीन हवंच असं माझं मत आहे, फक्त योग्य मशीन हवं.

सगळ्यात साधा आणि स्वस्त प्रकार म्हणजे सक्शनवाला. स्किमरला, म्हणजे तरंगता कचरा ओढणाऱ्या काठाच्या तोंडाला, नाहीतर भिंतीतल्या व्हॅक्युम पॉइंटला होज जोडायचा, दुसऱ्या टोकाला ती रबरी चकती, मोटर चालू केली की पाण्याच्या ओढीने ती आपली आपण तळावर सरकत राहते. हे दक्षिण आफ्रिकेतून आलेलं आहे, १९७४ साली फर्डिनांड शोव्हिये ह्या इंजिनिअरने क्रीपी क्रॉली काढली आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला. त्यात वीज नाही, वायर नाही, सर्किट नाही, एखाददुसरा हलणारा भाग आणि बाकी सगळं प्लास्टिक नि रबर. खाऱ्या वाऱ्यात ही फार मोठी गोष्ट आहे, आमच्याकडे बिजागऱ्या, फॅनचे स्क्रू, गेटची कडी काहीच टिकत नाही, त्यामुळे ज्यात गंजण्यासारखं काही नाही अशा वस्तूला मी आधीच मान देते.

पण सक्शनवाल्याचं गणित असं की त्याने ओढलेला सगळा कचरा तुमच्या मोटरकडे जातो. आंब्याचं वाळलेलं पान लांब, कडक, चिवट. ते होजच्या तोंडात आडवं बसलं की चकती जागच्या जागी थांबते. ह्याच्यावर उपाय आहे, होजच्या मध्ये पान अडवणारा डबा बसवता येतो, लीफ कॅनिस्टर म्हणतात, आणि आंब्याखाली पूल असेल तर तो डबा घेतल्याशिवाय सक्शनवाला घेऊच नका. तरी मार्चमध्ये पानगळ असते तेव्हा तो डबा दिवसातून कितीदा रिकामा करायचा? आमच्या आगरात तर वेगळीच अडचण, वाळू. वाळू मोटरच्या जाळीतून आरामात आत जाते, मग इंपेलर, म्हणजे मोटरचा आतला पंखा, घासत घासत सँड फिल्टरमध्ये. फिल्टरमध्येही वाळूच असते म्हणून काय बिघडतं असं पूलवाला म्हणाला होता, पण इंपेलर आणि सील झिजतात त्याचं काय? आणि स्किमरवर होज लावला की तेवढा वेळ स्किमर वरचा कचरा ओढत नाही, म्हणजे खाली साफ होतंय आणि वर माडाची फुलं तरंगतायत.

तरीपण एका प्रकारच्या घराला मी सक्शनवालाच सांगेन. मुंबई-पुण्याच्या लोकांची वीकेंडची घरं असतात ना, अलिबाग, नागाव, किंवा इकडे आमच्या बाजूला पण हल्ली बरीच झालीत, आठवडाभर बंद, राखणदार सकाळी येऊन झाडांना पाणी घालून जातो. तिथे मोटर टायमरवर चालू होते, सक्शनवाला तिच्याबरोबर फिरतो, मोटर बंद झाली की तळाशी थांबतो. रोबो तसा पाण्यात ठेवून देता येत नाही, कुणीतरी घालायचा, कुणीतरी काढायचा, कुणीतरी त्याची जाळी धुवायची. माणूसच नसेल तर महागडा रोबो घेऊन काय करणार.

दुसरा प्रकार प्रेशरवाला, पोलॅरिसचे असतात तसे. ह्यात पाणी दाबाने बाहेर येतं, त्या जोरावर मशीन चाकांवर पळतं आणि कचरा स्वतःच्या पिशवीत भरतं, मोटरकडे पाठवत नाही. मोठ्या पानांसाठी हा प्रकार खरंच चांगला. पण बऱ्याच मॉडेलना वेगळा बूस्टर पंप आणि भिंतीत वेगळी लाइन लागते, आणि तयार पूलमध्ये ती लाइन टाकायची म्हणजे टाइल्स फोडा. ज्यांचा पूल अजून बांधायचाय आणि जागा कलमांखाली आहे त्यांनी गवंडी यायच्या आधीच एक जादा पाइप टाकून ठेवावा, पुढे लागो न लागो. बाकीच्यांनी ह्यात वेळ घालवू नये.

आता रोबो. जास्त प्रश्न ह्याचेच असतात. रोबो म्हणजे स्वतःची मोटर, स्वतःचा पंप, स्वतःची जाळी असलेलं मशीन, पूलच्या मोटरशी त्याचा काही संबंध नाही. बाहेर एक डबा असतो पॉवर सप्लायचा, तो घरची लाइट २४ ते ३० व्होल्टच्या डीसीवर आणतो आणि तेवढीच पाण्यात जाते. खालून पाणी ओढायचं, जाळीतून गाळायचं, वरून जोरात सोडायचं, आणि त्या वर सोडलेल्या पाण्याच्या रेट्यानेच तो भिंतीला चिकटून चढतो. आपल्याकडे सगळे ज्याला डॉल्फिन डॉल्फिन म्हणतात तो इस्राएलच्या मेट्रॉनिक्सचा, ती कंपनी १९८३ साली यिझ्रएल नावाच्या किबुत्झमध्ये सुरू झाली, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामूहिक वस्तीत. आता चिनी कंपन्यांचे, बॅटरीवाले, असे खूप आलेत.

विजेची बचत होते म्हणून रोबो घ्या असं दुकानदार सांगतात, त्याच्यावर निर्णय घेऊ नका. रोबो १५०-२०० वॉट खातो, दोन-अडीच तासांची फेरी धरली तर अर्धा युनिटच्या आसपास. बरोबर आहे. पण पूलची १ एचपीची मोटर तुम्हाला तशीही रोज काही तास चालवायचीच आहे, नाहीतर पाणी फिल्टर कसं होणार आणि क्लोरीन सगळीकडे कसा पोचणार? रोबो पाणी शुद्ध करत नाही, तो तळ आणि भिंती साफ करतो. हे मी मुद्दाम सांगते कारण रोबो आला म्हणून मोटर निम्म्यावर आणणारे लोक मी पाहिलेत आणि मग पाणी हिरवं.

माझ्या दृष्टीने रोबो घेण्याचं खरं कारण विहिरीत आहे. चैत्र-वैशाखात आमच्या विहिरींचं पाणी किती खाली जातं हे इथल्या बायकांना विचारा. सड्यावर तर टँकर येतात. सक्शनवाल्याने कचरा सँड फिल्टरमध्ये टाकला की फिल्टर लवकर भरतो, मग बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं, आणि एका बॅकवॉशला दोन-तीन मिनिटांत तीनशे-चारशे लिटर पाणी सरळ बाहेर जातं. तेवढ्यात एका घराचं दिवसभराचं भागतं. रोबो कचरा स्वतःच्या जाळीत ठेवतो, ती जाळी बादलीभर पाण्यात धुतली जाते. ताईने रोबो घेतला तो ह्याच हिशोबावर, आणि मला तो हिशोब पूर्ण पटतो. बॅकवॉशचं पाणी केळीला, माडाला घालतो म्हणणारे आहेत, पण त्यात क्लोरीन असतो, दोन दिवस टाकीत उघडं ठेवून मग घाला, आणि सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन करणारं यंत्र) असेल तर झाडांना घालूच नका.

मॉडेल बघताना मी काय बघते सांगते. जाळी वरून निघते का. खालून निघणारी पिशवी असेल तर अख्खा रोबो उलटा करायचा, ओल्या पातेऱ्याने भरलेला, आणि आमच्या सासूबाईंना किंवा ताईला ते जमणार नाही. जाळीचा डबा मोठा हवा, आणि जाळ्या दोन प्रकारच्या हव्यात, पातेऱ्यासाठी मोकळी, वाळू-धुळीसाठी बारीक. बारीक जाळी लावून पानगळीत रोबो सोडला तर तो अर्ध्या फेरीतच भरतो आणि भिंत चढायचा बंद होतो, त्यात रोबोचा दोष नाही. मग ब्रश. आपल्याकडे बहुतेक पूल गुळगुळीत काचेच्या मोझॅइक टाइल्सचे, त्यावर साधे पीव्हीसीचे ब्रश घसरतात, पीव्हीए नावाचा स्पंजसारखा ब्रश मिळतो तो मागून घ्या. सिमेंट प्लास्टरचा पूल असेल तर पीव्हीसीच बरे. केबल ८ बाय ४ च्या पूलला १५ मीटरची पुरते, फक्त केबलला फिरती कडी आहे का बघा, नसेल तर ती स्वतःभोवती पीळ खात जाते. तळाच्या ड्रेनचं झाकण वर आलेलं असेल तर रोबो त्याच्यावर अडकतो. आणि लहान मुलांसाठी जो उथळ कट्टा करतात ना वीतभर पाण्याचा, तिथे कुठलाही रोबो नीट चालत नाही, तो हातानेच घासायचा. ॲप, फोनवरून चालवणं, हे मला लागत नाही, पाहुण्यांच्या मुलांना आवडतं एवढंच.

बॅटरीवाला की वायरवाला? लाइट जाणाऱ्या गावात बॅटरीवाला मनाला पटतो, वायर पायात येत नाही हेही खरं, आणि त्यातले काही नवे वर तरंगणारा कचरापण ओढतात, माडाखाली हे कामाचं आहे. पण लिथियम बॅटरी काही वर्षांनी उतरणार, आणि ती इथे तालुक्याच्या गावात बदलून मिळणार नाही. चार्जिंगचे पिना खाऱ्या हवेत हिरव्या पडतात, दर वेळी पुसून कोरड्या कराव्या लागतात. मी अजून वायरवाल्याच्या बाजूची आहे. दोनशे वॉट तर घरचा इन्व्हर्टरही उचलतो, फक्त तो साइन वेव्हचा असू दे. लाइट जाऊन आली की काही रोबो आपणहून परत सुरू होत नाहीत, बटण दाबावं लागतं, हे पण आधी विचारून घ्या.

विजेच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. पॉवर सप्लायचा डबा पाण्यापासून निदान साडेतीन मीटर लांब, सावलीत, जमिनीपासून उंच. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पाहिजे म्हणजे पाहिजे. कातळावरच्या घरांची अर्थिंग उन्हाळ्यात सुकते, खड्ड्यात पाणी घालत राहायला लागतं, इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा मोजून घ्या. वळवाच्या पावसात, परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवायचा. आणि रोबो पाण्यात असताना कुणीही पाण्यात उतरायचं नाही, पाहुणे कितीही म्हणू देत की आम्ही एका कडेला बसतो. आमच्याकडे रोबो पहाटे फिरतो आणि पाहुणे चहाला बाहेर यायच्या आत काढलेला असतो.

आता लाल माती. ताईच्या पूलने मला शिकवलं की जांभ्याची धूळ म्हणजे वेगळंच प्रकरण. ती इतकी बारीक असते की रोबोच्या जाळीतून एका बाजूने आत जाते आणि वरून परत बाहेर. फेरी संपते तेव्हा पाणी ढवळलेलं, आणि दुपारी तीच माती परत तळाला. दुकानदार ह्यावर अजून बारीक जाळी विकतात. थोडा फरक पडतो. पण पावसाच्या तोंडावर पहिल्या सरीबरोबर गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, लाल ओघळ पूलमध्ये आला ना, तर कुठलाही रोबो काही करू शकत नाही. तिथे आपली तुरटीच. पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी हंड्यात तुरटी फिरवून निवळायचं हे आपल्या आज्या करत आल्यात, पूलमध्ये तत्त्व तेच. पीएच बघून तुरटी विरघळवून टाकायची, मोटर रीसर्क्युलेटवर, म्हणजे फिल्टर टाळून, थोडी फिरवायची, मग रात्रभर सगळं बंद, पाणी अजिबात हलवायचं नाही. सकाळी तळाला सायीसारखा थर बसलेला असतो. तो हाताच्या व्हॅक्युमने, फिल्टरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह वेस्टवर, म्हणजे पाणी सरळ बाहेर जाईल असा, ठेवून, हळूहळू बाहेर काढायचा. इथे पाणी जातं, पण पावसाच्या तोंडावर जातं तर जाऊ दे. नंतर पीएच परत बघायचा, तुरटीने तो खाली येतो, ७.२ ते ७.६ मध्ये आणायचा, आणि त्याच्यानंतरच रोबो.

बोअरचं पाणी भरणाऱ्यांना आणखी एक सांगते. जांभ्याच्या मुलखात पाण्यात लोह असतं, भरताना पाणी काचेसारखं दिसतं आणि क्लोरीन टाकला की तासाभरात चहासारखं होतं. लोक घाबरतात, क्लीनर लावतात. ते लोह ऑक्सिडाइज झालेलं असतं, त्यालाही निवळणं आणि फिल्टर हाच उपाय. आणि समुद्राला लागून ज्यांच्या विहिरी आहेत, मेमध्ये ज्या मचूळ होतात, त्यांनी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, एकदा मोजावा. रोबोच्या मॅन्युअलमध्ये मिठाची मर्यादा दिलेली असते, साधारण ५,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). समुद्राचं पाणी ३५,००० असतं. त्या हिशोबाने थोडं खारं पाणी चालून जाईल, पण माहीत असलेलं बरं. शॉक क्लोरीन, म्हणजे एकदम मोठा डोस, टाकायच्या दिवशीही रोबो बाहेरच ठेवायचा, रबर आणि केबल कडक होतात.

पावसाळ्यात आमच्याकडे काय होतं ते पुण्याच्या विक्रेत्याला समजावणं कठीण जातं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ८ बाय ४ च्या पूलवर नुसतं आभाळातून थेट पडणारं पाणी धरलं तरी ९६ हजार लिटर होतं, म्हणजे पूलच्या अडीचपट. क्लोरीन, तो उन्हात टिकवणारा स्टॅबिलायझर, सगळं धुऊन जातं. बेडूक येतात, खेकडे येतात, एखादं जनावर, म्हणजे सापही दिसतो. आम्ही आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांतच पूलचं काम धरतो, लाकडं भरायची, कौलं शाकारायची, तसं पूलवर जाळं ताणायचं आणि रोबो गोड्या पाण्याने धुऊन, ब्रश काढून, वाळवून घरात माळ्यावर. केबल लांब सोडून सरळ करून मग सैल गुंडाळायची. रोज वापरतानाही तो उन्हात वाळत ठेवायचा नाही, सावलीतच, आणि पाण्यातून काढताना केबलने वर काठापर्यंत आणायचा, पुढे हँडल धरून उचलायचा. मोहोरावर फवारणी असेल त्या दिवशी ताई पूल झाकते, आणि कलमांच्या मध्ये पूल असणाऱ्या सगळ्यांनी झाकावा, ते औषध कुठल्याच जाळीत अडकत नाही.

दुरुस्तीचं शेवटी विचारतात, खरं तर पहिल्यांदा विचारा. सर्व्हिस सेंटर मुंबई, पुणे, गोवा. इथून पाठवा, वाट बघा, तोवर हंगाम संपला. म्हणून घेतानाच जादा ब्रश, जादा जाळ्या, पट्टे हे सगळं बिलात घालून घ्यायचं, आणि इंपेलरचं झाकण कसं उघडतं हे घरातल्या दोन माणसांनी शिकून घ्यायचं. लांब केस आणि सुरूच्या झाडाच्या काड्या इंपेलरला गुंडाळल्या जातात, रोबो बंद पडला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा तेवढंच असतं आणि एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

घ्यायचाच असेल तर दिवाळीच्या आधी घ्या, म्हणजे गर्दीच्या दिवसांपूर्वी सवय होते, आणि मोहोराचा कचरा सुरू व्हायच्या आत कुठली जाळी कधी लावायची ते कळतं. डेमो दुकानातल्या काचेच्या टाकीत बघू नका. विक्रेत्याला घरी बोलवा, त्याच्या येण्याच्या आदल्या दिवशी पूल साफ करू नका, कलमांखालचा पातेरा असेल तसा राहू दे, पाण्यात पडलेली वाळू राहू दे, आणि एक पूर्ण फेरी होईपर्यंत त्याला चहा देऊन बसवून घ्या. फेरी झाली की जाळी स्वतः उघडा, घरात जो माणूस ती रोज उघडणार आहे त्याच्याकडून उघडवून बघा, आणि मगच पैशाचं बोला.